सरासरीच्या खालच्या डॉक्टरीणबाई

कुमुदताईंच्या दवाखान्यात झोप लागलेल्या पेशंटला उठवायचं नाही, असा नियम होता. नाव पुकारलं आणि माणूस भिंतीला डोकं टेकून घोरत असला, तर काउंटरवरच्या फ्राउ केलर सरळ पुढच्याचं नाव घेत. कुमुदताई दारातून डोकावून बघत आणि म्हणत, "झोपू दे. त्याचे उपचार सुरू झालेत." जर्मनीत, जिथं नऊ वाजून दहाची अपॉइंटमेंट म्हणजे नऊ वाजून दहालाच, तिथं हे कसं खपत असे याचं मला अजून नवल वाटतं. पण खपत असे. लोक खुशाल झोपत, जागे होत, आपण कुठं आहोत ते आठवत थोडा वेळ बसत, आणि नंबर कधी येणार हे विचारायलाही उठत नसत.

दवाखाना डार्मश्टाटच्या पूर्व टोकाला, ट्राम जिथं वळसा घेऊन परत फिरते तिथून पाच मिनिटांवर, एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर होता. मागं लगेच जंगल. थंडीचे सहा महिने त्या जंगलातून धुकं उतरायचं आणि खिडकीबाहेरचं अक्रोडाचं झाड कधी असायचं, कधी नसायचं. आत हीटरची ऊब, ओल्या कोटांचा वास, मधूनच कुणी मासिकाचं पान उलटल्याचा आवाज. तिथं बसलं की आपण आजारी आहोत म्हणून आलोय की नुसतेच आलोय, हे हळूहळू विसरायला व्हायचं. मीही तिथं दोनदा झोपलोय. एकदा जाग आली तेव्हा अंगावर कुणाची तरी शाल होती आणि खोकला पार गेला होता. घरी पोचेपर्यंत तो परत आला, ही गोष्ट वेगळी.

त्यांचं पूर्ण नाव डॉ. कुमुद होल्त्सर. माहेर सांगलीचं. शिकायला म्हणून आल्या, पूल बांधणाऱ्या एका जर्मन इंजिनियरशी लग्न केलं, तो लवकर गेला आणि या राहिल्या. त्यांचं चरित्र मला एवढंच माहीत आहे. याहून जास्त विचारायला गेलं की त्या समोरच्याची नाडी बघायला घेत.

पांढरा कोट त्यांनी कधी घातला नाही. घरी विणलेलं जाड कार्डिगन, आणि त्याच्या उजव्या खिशात स्टेथोस्कोप. तो खिशात का, तर गरम राहावा म्हणून. "गार लोखंड छातीला लावलं की माणूस दचकतो," त्या म्हणत. "दचकलेल्या माणसाचं काय ऐकायचं?" त्यांचं मराठी सांगलीहून निघाल्या तेव्हा जसं होतं तसंच जपून ठेवलेलं होतं. आम्ही पुण्याचे लोक वाक्यागणिक इंग्रजी पेरतो, तसं त्यांचं नव्हतं. त्यांच्या मराठीत मधे मधे जर्मन यायचं, तेही त्यांना न कळता. "आल्झो, बैस असा. कुठं दुखतंय? गेनाऊ, अगदी इथंच ना?"

छाती तपासताना त्या डोळे मिटत आणि मिटलेलेच ठेवत. एक मिनिट, दोन मिनिटं. इराला, म्हणजे माझ्या मुलीला, पहिल्यांदा घेऊन गेलो तेव्हा ती पाच वर्षांची होती. तिनं बराच वेळ वाट पाहिली आणि मग माझ्याकडं वळून जर्मनमध्ये कुजबुजली, "श्लेफ्ट झी?" झोपल्या का या? कुमुदताईंनी डोळे न उघडता तिला जर्मनमध्येच उत्तर दिलं, की झोपले नाही, तुझ्या आत एक मांजर गुरगुरतंय, त्याचं ऐकतेय. इरा पुढचे दोन आठवडे त्या मांजराला दूध पाजत होती.

आणि मग त्यांचं ठरलेलं औषध यायचं. "थांबू या. तीन दिवस थांबू या." पाणी प्या, झोपा, छाती शेका, तीन दिवस थांबा. जर्मन पेशंटांनाही हा शब्द पाठ झाला होता. फ्राउ केलरना तर फोनवर तापानं हैराण झालेल्या कुणाला तरी गंभीर आवाजात सांगताना मी स्वतः ऐकलंय, "आल्झो, एर्स्टमाल थांबा." आधी थांबा. जन्मात भारत न पाहिलेल्या त्या बाईंच्या तोंडी तो शब्द इतका सहज बसला होता, की त्यांना तो जर्मनच वाटत असावा.

पण नुसतं थांबा म्हणून त्या सोडून देत नसत. तिसऱ्या दिवशी दुपारी एकला त्यांचा फोन यायचा. सकाळची गर्दी ओसरली की बूट काढून त्या तपासायच्या पलंगावर आडव्या व्हायच्या, पोटावर नावांच्या चिठ्ठ्या ठेवायच्या आणि एकेकाला फोन लावायच्या. आवाज अर्धवट झोपेतला असायचा. "ताप? खाल्लंस काही? पाणी किती प्यायलास?" बरं वाटतंय म्हटलं की, "बघ. म्हटलं नव्हतं मी?" आणि चिठ्ठीवर बारीक टिक. ज्याला बरं वाटत नसे त्याला त्याच दिवशी बोलावून घेत आणि लागलं तर निमूट अँटिबायोटिक लिहून देत. त्या हट्टी नव्हत्या. त्यांचा विश्वास होता, एवढंच.

त्यांची माझी खरी ओळख झाली ती एका पाकिटामुळं. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांच्या मंडळाकडून दवाखान्याला एक जाड पाकीट यायचं. आत तक्ते असायचे. या दवाखान्यानं शंभर पेशंटांमागं कोणतं औषध किती लिहिलं, आणि देशभरातले फॅमिली डॉक्टर सरासरी किती लिहितात. प्रत्येक औषधापुढं दोन पट्टे, करडा देशाचा आणि निळा आपला. कुमुदताई वर्षानुवर्षं ती पाकिटं न फोडता कपाटात टाकत आल्या होत्या. मी विमा कंपन्यांसाठी आकड्यांचं सॉफ्टवेअर लिहितो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. एका दुपारी मी सर्दीसाठी गेलो तर त्यांनी माझी जीभसुद्धा पाहिली नाही, समोर गठ्ठाच ठेवला. "मला माणूस वाचता येतो रे, हे नाही वाचता येत. काय म्हणतायत हे लोक?"

मी एकेक उघडून समजावत गेलो. अँटिबायोटिकच्या पानावर करडा पट्टा कागदाच्या मध्यापलीकडं गेलेला, आणि निळा इवलासा. इतका आखूड, की कुमुदताईंनी त्यावर बोट ठेवलं तर तो दिसेनासाच झाला.

"वाईट आहे का हे?" त्यांनी विचारलं.

"नाही हो ताई, उलट. सरासरीच्या फार खाली आहात तुम्ही. विनाकारण अँटिबायोटिक देत नाही असा अर्थ झाला."

त्यांनी बोट उचलून पट्टा पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, "देत नाही असं नव्हे. माझी माणसं थांबतात. हा पट्टा त्यांचा आहे."

त्या दिवसापासून त्या आखूड पट्ट्यावर त्यांचा जीव जडला. भिंतीवर लावून मिरवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला होता. कापूस काढायच्या निमित्तानं दार उघडत आणि जरा जास्तच वेळ उघडं ठेवत.

सगळेच पट्टे काही आखूड नव्हते. फिजिओथेरपीचा त्यांचा पट्टा देशाच्या सरासरीच्या कितीतरी पुढं गेलेला होता, आणि त्याबद्दल मंडळाचं एक खरमरीत पत्रही आलं होतं. मी म्हटलं, ताई, याचं कारण लिहून द्यावं लागेल. त्यांनी मला लिहून घ्यायला सांगितलं की या भागात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची संख्या मोठी आहे आणि त्यांना आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी हात लावणं वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे. मी म्हटलं, असं कसं लिहिता येईल? "मग कसं लिहायचं? खरं तेच आहे." तसंच लिहिलं. त्यावर पुढं काही आलं नाही. बहुधा वाचणाऱ्याची आई कुठंतरी एकटी राहत असावी.

आता मला आम्हा मंडळींबद्दल सांगायला हवं, आणि ते काही मान वर करून सांगण्यासारखं नाही. डार्मश्टाटमधली बरीच मराठी घरं कुमुदताईंची पेशंट होती. सगळे आयटीवाले, सगळे पुण्या-मुंबईचे, आणि सगळ्यांना ताप आला की गोळी लागते. तिकडं आम्ही डॉक्टरकडं जातो ते गोळी आणायला. नुसतं थांबायला तर घरीही थांबता येतं. पण कुमुदताई वयानं मोठ्या, मायेनं बोलणाऱ्या, आपल्या भाषेतल्या. त्यांना तोंडावर नाही कसं म्हणायचं? म्हणून आम्ही "बरं ताई" म्हणायचो आणि घरी येऊन सुटकेस उघडायचो.

सुटकेसचं असं आहे, की पुण्याहून येताना प्रत्येकाच्या सामानात भाजणी आणि चटण्यांच्या मधे केमिस्टकडची एक पिशवी असतेच. घराजवळचा केमिस्ट ओळखीचा. तो चिठ्ठीबिठ्ठी मागत नाही. "जर्मनीला ना? मग हेही असू द्या," म्हणून स्वतःच दोन पट्ट्या जास्त टाकतो. अझिथ्रोसारख्या अँटिबायोटिकच्या गोळ्या, आणि मुलांसाठी त्याच औषधाच्या पावडरच्या बाटल्या, ज्यात उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं आणि हलवायचं. आमच्या फोनवरच्या ग्रुपवर कुणी नुसतं "सिरप आहे का कुणाकडं?" असं टाकलं की पाच मिनिटांत तीन घरांतून हात वर. तोंडावर नाही म्हणायचं नाही आणि पाठीमागं ऐकायचं नाही, असे आमच्यावरचे चांगले संस्कार.

आणि तिसऱ्या दिवशी एक वाजता फोन वाजायचा. "ताप?" "उतरला, ताई." "बघ. म्हटलं नव्हतं मी?" तिकडं चिठ्ठीवर टिक.

मी यातून सुटलेला नाही. इराचा कान दुखायला लागला तेव्हा अदिती, माझी बायको, कामासाठी चार दिवस इंगोलश्टाटला गेली होती. कुमुदताईंनी कान बघितला, दुखण्यावरचे थेंब दिले, तीन दिवस थांबू म्हणाल्या. मी एक दिवस थांबलो. दुसऱ्या दिवशी इरा उशीत डोकं खुपसून कण्हत बसली, आणि मी स्टुलावर चढून मिक्सरच्या मागची बाटली काढली. तिसऱ्या दिवशी एक वाजता फोन आला तेव्हा मी सिरपचा चमचा धूत होतो.

"रडली का रे फार?"

"नाही ताई. बरी आहे आता. खेळतेय."

"शहाणी आहे पोर. आणि तूही. बापांना थांबणं फार जड जातं, ठाऊक आहे मला."

त्या आवाजातलं समाधान मला ऐकवत नव्हतं. मी नळ बंद केला आणि चमचा पुसून ठेवला.

पुढच्या वसंतात त्या निवृत्त होणार होत्या. डॉ. लेन्त्स नावाची एक तरुण जर्मन डॉक्टर दवाखाना चालवायला घेणार होती. त्याआधी, हिवाळ्यातल्या एका शनिवारी, भागातल्या डॉक्टरांच्या बैठकीत कुमुदताईंना बोलायला बोलावलं. विषय त्यांचा तो आखूड पट्टा. तो कसा जमला ते सांगा म्हणे. अशाच एका आधीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं होतं की बाहेरच्या देशांतून आलेले पेशंट अँटिबायोटिकसाठी हटून बसतात. ते कुमुदताईंना लागलं होतं. त्यांनी मला तक्ते करायला बोलावलं आणि वर म्हणाल्या, "आपल्या लोकांचं वेगळं काढून दे. नावं नकोत, नुसता पट्टा. फ्राउ केलर मोजून देतील."

फ्राउ केलरनी चष्मा नाकावर ओढून दोन दुपारी मोजलं. आमचा पट्टा जवळजवळ नव्हताच. देशाचा करडा, दवाखान्याचा निळा, आणि आमचा म्हणजे रंग सांडलेला एक ठिपका. कुमुदताईंनी तो माझ्या लॅपटॉपवर पाहिला, खुर्ची मागं ढकलली आणि खिडकीबाहेरच्या धुक्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी गेल्यावरही थांबतील ना रे? ती लेन्त्स चांगली आहे पण तरुण आहे. पण आता सवय झालीय त्यांना. होय ना?"

मी "होय" म्हणालो. पुढचे दोन आठवडे मी रोज ठरवत होतो की आज सांगायचं. रोज ट्राममध्ये वाक्य जुळवायचो आणि उतरेपर्यंत ते मोडायचं. मला भीती त्या रागावतील याची नव्हती. त्या रागावल्या असत्या तर बरंच झालं असतं.

सांगितलं शेवटी माझ्या आईनं.

आई तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडं आली होती. विमानातून उतरल्यापासून खोकत होती, म्हणून बैठकीच्या आधीच्या मंगळवारी तिला कुमुदताईंकडं नेलं. आईनं नवी साडी नेसली, डिंकाच्या लाडवांचा डबा घेतला आणि एक पिशवी घेतली. पिशवीत काय आहे ते मी विचारलं नाही. आईच्या पिशवीत काय आहे हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

"डॉक्टरीणबाई, समीर तुमच्याबद्दल फार सांगतो," आईनं डबा टेबलावर ठेवला. "आणि हेही असू द्या." तिनं पिशवीतून गोळ्यांच्या चार पट्ट्या काढल्या आणि लाडवांच्या शेजारी नीट मांडल्या. "इथं म्हणे या सहजी मिळत नाहीत. डॉक्टर असून तुमचेही हालच की. मी येताना दरवेळी सगळ्यांसाठी आणते, यंदा म्हटलं तुमच्यासाठीही घ्याव्यात."

कुमुदताईंनी एक पट्टी उचलली, खिडकीच्या उजेडाकडं धरली आणि बारीक अक्षरं वाचली.

"सगळ्यांसाठी म्हणजे कुणासाठी?"

"ही आपली समीरची मंडळी. निघायच्या आधी यादीच पाठवतात मला." आईनं पर्समधून घडी घातलेला कागद काढून दिला. तिला वाटलं डॉक्टरीणबाईंनाही त्यात नाव घालायचं असेल.

मी बाहेर बघायला लागलो. धुकं इतकं होतं की झाड कुठं उभं असतं तेही सांगता आलं नसतं. कुमुदताई यादी वाचत होत्या, एकेका नावावर बोट ठेवत, पुढं आईच्या अक्षरात लिहिलेलं, "गोळ्या २ पट्ट्या", "सिरप ३". सगळे त्यांचेच पेशंट. त्या कागदावर पट्टे नव्हते, पण आमचा खरा तक्ता तोच होता.

"इराचा कान?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"दुसऱ्या दिवशी दिलं, ताई."

"फोनवर तर तू म्हणालास—"

"हो."

त्यांनी यादीची घडी होती तशी घातली आणि आईला परत दिली. मग कार्डिगनच्या खिशातून स्टेथोस्कोप काढला, आईच्या पाठीला लावला आणि डोळे मिटले. इतका वेळ त्या ऐकत राहिल्या, की आईनं खोकला आल्यावरही दाबून धरला. शेवटी त्यांनी डोळे उघडले.

"छाती स्वच्छ आहे तुमची. साधा खोकला आहे. तीन दिवस..." एवढं म्हणून त्या थांबल्या. पुढचे शब्द त्यांच्या तोंडून मी शेकडो वेळा ऐकले होते. ते आले नाहीत. "तुम्हाला ठीक वाटेल तसं करा," त्या म्हणाल्या.

आईला काहीतरी बिनसल्याचं कळलं. "माझं काही चुकलं का हो?"

"नाही हो. तुम्ही एकट्याच खरं बोललात." आणि त्यांनी आईच्या हातावर हात ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही. डबा उघडून एक लाडू मात्र खाल्ला, आमच्या समोरच, सगळा.

त्याच संध्याकाळी मी फोन केला. म्हटलं, बैठक रद्द करू या, तक्ते मागं घेतो, मी काहीतरी कारण सांगतो. "काही बदलू नकोस," त्या म्हणाल्या. "लॅपटॉप घेऊन ये फक्त."

शनिवारी वीसएक डॉक्टर होते. कॉफी, ब्रेत्सेलचे खारे पाव, खुर्च्या सरकल्याचे आवाज. मी मागं लॅपटॉपपाशी. कुमुदताई तेच कार्डिगन घालून उभ्या राहिल्या आणि मी पडद्यावर पट्टे आणले. करडा, निळा, आणि आमचा ठिपका. त्यांच्या संथ जर्मनमध्ये त्यांनी सांगितलं, की हा माझा निळा पट्टा, याचा मला फार अभिमान होता. गेल्या मंगळवारी मला कळलं की याचा काही भाग इथं नाही, सुटकेसमध्ये आहे. किती ते मला माहीत नाही. हा तक्ता डॉक्टर काय लिहितो ते सांगतो, माणूस काय गिळतो ते सांगत नाही.

कुणीतरी हसलं. एका म्हाताऱ्या डॉक्टरनं विचारलं, मग आम्ही काय करावं असं तुमचं म्हणणं आहे?

"विचारा," कुमुदताई म्हणाल्या. "पण असं विचारा की त्यांना खरं सांगता येईल. मला ते जमलं नाही. मी दर तिसऱ्या दिवशी विचारत होते. पण मला कोणतं उत्तर हवंय ते माझ्या आवाजातच असायचं. चांगली माणसं आहेत ती. त्यांनी मला हवं ते दिलं."

त्यांनी आम्हाला दोष दिला असता तर मी तिथं उठून माझं नाव सांगितलं असतं. त्यांनी सगळा दोष स्वतःच्या आवाजावर घेतला आणि मला मागं बसून पुढची स्लाइड दाखवावी लागली.

उरलेले महिने त्यांनी फोन चालू ठेवले, पण प्रश्न बदलला. "काही घेतलंस का? काय? किती घेतलंस? बरं, मग अर्धवट सोडू नकोस," असं, अगदी पावसापाण्याचं विचारावं तसं. काही जणांनी खरं सांगितलं. काहींनी शपथा घेतल्या. ग्रुपवर आठवडाभर चर्चा चालली, की ताईंना कळलं कसं. मी लिहिलं की मी सांगितलं. हेही खोटंच होतं, पण आईचं नाव तिथं मला नको होतं. वसंतात त्यांनी किल्ल्या डॉ. लेन्त्सकडं दिल्या. समारंभ वगैरे करू दिला नाही.

नोव्हेंबरात इराला ताप आला, घसा लाल. डॉ. लेन्त्सनी बघितलं आणि सांगितलं, थांबू या, वाढलं तर लगेच आणा. बाटली मिक्सरच्या मागं होतीच. पहिल्या दिवशी अदिती तिथं उभी राहून परत फिरली. दुसऱ्या दिवशी मी. आम्ही पाळीपाळीनं तिच्या उशाशी बसलो, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, कोमट पाणी चमच्यानं पाजलं. ती तापात जर्मनमध्ये काहीबाही बडबडत होती, खिडकीबाहेर सगळं पांढरं होतं, आणि ते तीन दिवस एकाच लांब दुपारसारखे गेले. तिसऱ्या दिवशी इरा उठून बसली आणि वरणभात मागितला. मी घड्याळात बघितलं तर एक वाजत आला होता. फोन वाजणार नव्हता. डॉ. लेन्त्सच्या दवाखान्यात ती पद्धत नाही. जन्मात पहिल्यांदा मला खरं सांगायचं होतं आणि विचारणारं कुणी नव्हतं.

चारपाच दिवसांनी ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर कुमुदताई दिसल्या. हातात ग्रंथालयाची पुस्तकं, डोक्यावर लोकरी टोपी, आधीपेक्षा लहान दिसत होत्या. मी जवळजवळ पळतच गेलो. इराचं सगळं सांगितलं. ताप किती चढला, आम्ही कसे थांबलो, बाटलीला हातसुद्धा लावला नाही, तिसऱ्या दिवशी तिनं कसं जेवायला मागितलं.

त्या शांतपणे ऐकत होत्या. माझं संपल्यावर हसल्या. "हो का? छान केलंत."

आवाज मऊ होता, त्या आजारी माणसाशी बोलत तसा. मला तो ओळखू आला.

"खरंच थांबलो ताई. तीन दिवस. एक थेंब दिला नाही."

"हो रे. मी कुठं नाही म्हणाले?"

"अदितीला विचारा हवं तर."

"कशाला?" त्यांनी पुस्तकं डाव्या हातात घेतली आणि उजव्या हातानं माझा मफलर नीट केला. "पोर बरी झाली ना, मग झालं. आणि तू मला सांगायला आलास, बरं वाटलं. खोटं असलं तरी चालेल."

जेवढं सांगावं तेवढं ते खोटंच वाटलं असतं. ट्राम आली. त्या सावकाश चढल्या, खिडकीशी बसल्या, काचेवरची वाफ हातमोज्यानं पुसून माझ्याकडं बघितलं आणि लहान मुलाला करावा तसा हात केला. मीही केला. ट्राम वळसा घेऊन धुक्यात गेली.

आम्ही खरंच थांबलो होतो.